मेणबत्त्या वाढवू नका, उजेड वाढवा: लाईट गेल्यावर या चुका टाळा

पावसाळ्यात डिचोली-सत्तरीकडे लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हा तर गोव्यात कितीतरी घरांनी रात्री मेणबत्तीवर काढल्या. तरी दर वेळी चूक तीच होते. एक पुरेना म्हणून दुसरी लावायची, मग तिसरी. एका मेणबत्तीचा उजेड साधारण १२-१३ ल्युमेन, आणि ९ वॅटचा साधा एलईडी बल्ब ८०० ते ९०० देतो. बल्बाची बरोबरी करायची तर साठ-सत्तर मेणबत्त्या लागतील, आणि घराची होळी होईल ती वेगळीच.

त्यापेक्षा आहे ती मेणबत्ती जवळ आणा. वहीपासून दोन फुटांवरची मेणबत्ती एक फुटावर आणली, की कागदावरचा उजेड चौपट होतो. दुसरी लावून तो फार तर दुप्पट झाला असता. एक फुटाच्या आत मात्र कागद, पडदा, मोकळे केस काहीच नको. पोरं अभ्यासाला वाकतात, तेव्हा मुलींच्या वेण्यांकडे आधी बघा.

खोलीच्या मधोमध ठेवलेल्या मेणबत्तीचा बराचसा उजेड वर कौलांकडे नि मागे अंधारात जातो. ती पांढऱ्या भिंतीजवळ ठेवा आणि मागे स्टीलचं ताट उभं करा. ताट घसरून ज्योतीवर पडणार नाही असं टेकवा. आरसाही चालेल, पण वीतभर लांब, नाहीतर तापून तडकतो. चतुर्थीच्या मखराचा चमकी कागद मात्र या कामाला कधीच वापरू नका, तो भुरकन पेटतो.

ज्योत थेट डोळ्यांसमोर असली तर बाहुली आकसते आणि खोली आहे त्याहून काळोखी वाटते. मेणबत्ती थोडी बाजूला सरकवा किंवा डोळ्यांच्या आणि ज्योतीच्या मध्ये तांब्या ठेवा. एवढ्यानेही फरक कळतो.

धूर येत असेल तर दोष बहुतेक वातीचा. ज्योतीचा पिवळा उजेड म्हणजे तापून चकाकणारी काजळीच. ती न जळता बाहेर पडली की तिचा धूर होतो, म्हणजे उजेड गेला आणि भिंत काळी झाली. विझवून, मेण गार झाल्यावर, वात ५-६ मिलिमीटर ठेवून कापा. फार आखूड कापली तर वितळलेल्या मेणात बुडून ज्योत मिणमिणते. मग विझवून थोडं मेण ओतून टाकायचं. मेण एकाच बाजूने ओघळत असेल तर मेणबत्ती तिरकी आहे किंवा खिडकीच्या फटीतून वारा येतोय. वाऱ्यासाठी कंदिलाची काच लावली तरी खालून हवा आत जायला फट हवी. काच ताटलीवर चपखल बसवली की ज्योत गुदमरते. दोन मेणबत्त्या चिकटून ठेवल्या तर एकमेकींना वितळवतात. चार बोटं अंतर ठेवा.

आता बैठक. प्लास्टिकचं झाकण, फ्रिजचा माथा, आणि आपल्याकडे हमखास दिसणारी नारळाची करवंटी, तिन्ही बाद. करवंटी म्हणजे चुलीतलं जळण, तिच्यात मेणबत्ती कसली लावता? स्टीलच्या वाटीत रेती भरून त्यात रोवा. वाटी कलंडत नाही आणि मेणबत्ती संपली तरी खाली चटका बसत नाही. चतुर्थीला लाईट गेली तर माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली, मेणबत्ती नकोच. दोन-तीन दिवसांत तिथली पानं सुकलेली असतात आणि ज्योतीची धग वाटते त्यापेक्षा बरीच वर पोचते. तिथे बॅटरीच बरी.

गॅसचा वास येत असेल तर काडी ओढू नका. डोळा लागण्याआधी विझवा. मेणाने पेट घेतला तर पाणी अजिबात ओतू नका, जळतं मेण चहूकडे उडतं. वर धातूचं झाकण टाका.

विझवताना फुंकर मारू नका. चमच्याच्या दांड्याने वात वितळलेल्या मेणात बुडवून लगेच उभी करा. धूर होत नाही आणि पुढच्या वेळी चटकन पेटते. काडेपेटी मात्र पावसात सादळते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि तो डबा अंधारातही हाताला लागेल अशा जागी.