मेलमध्ये हेल्प लिहू की असिस्ट?

ऐरोली, घणसोलीच्या ऑफिसांत नवीन लागलेली पोरं मेल लिहायला बसली की बाय चं परचेस आणि स्टार्ट चं कमेन्स करून टाकतात, कारण भारी वाटतं. थांबा जरा. आधी बघा अर्थ तोच राहतो का.

असिस्ट म्हणजे मुख्य काम दुसऱ्याचं, तुम्ही हाताखाली. अख्खं काम तुम्हीच केलं असेल तर 'आय असिस्टेड' लिहून स्वतःचं क्रेडिट कशाला घालवता? आस्क दोन कामं करतो, विचारणं आणि मागणं, रिक्वेस्ट फक्त मागतो, म्हणून प्रश्न रिक्वेस्ट करता येत नाही. टेल ने जोक सांगता येतो, इन्फॉर्म ने नाही, तिथे माहितीच लागते.

एकाच अर्थाच्या शब्दांच्या या जोड्या आल्या कुठून, तर 1066 ला फ्रान्समधून आलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि कोर्टात फ्रेंच बसली, घरात जुनी इंग्रजीच राहिली. म्हणून बाय घरचा, परचेस फ्रेंचमधून आलेला.

सोपी टेस्ट सांगतो: वाक्य ठाणे स्टेशनवर मित्राला मोठ्याने बोलून बघा. हसू आलं तर साधा शब्द ठेवा. अॅग्रीमेंट, टेंडर असलं काही असेल तर मात्र कमेन्स, टर्मिनेट बिनधास्त चालतं.