परदेशी फोन लागत नाही? आधी शून्य तपासा

शेजारच्या काकूंचा मुलगा लंडनला नोकरीला लागला तेव्हा त्याने ऑफिसचा नंबर कागदावर लिहून दिला, तिथले लोक लिहितात तसाच, ०२० ने सुरू होणारा. काकूंनी पुण्यातल्या घरच्या फोनवरून तो तसाच फिरवला आणि 'हा नंबर अस्तित्वात नाही' हे दोनदा ऐकून हिरमुसल्या. ०२० हा पुण्याचा एसटीडी कोड, आणि लंडनचाही तोच! फोन पुण्याबाहेर गेलाच नव्हता.

सुरुवातीचा एकटा शून्य देशातल्या देशात फोन करणाऱ्यांसाठी असतो. देशाचा कोड लावला की तो गळतो. म्हणून लंडन +४४ २०, आणि परदेशातून पुणे +९१ २०, नागपूर +९१ ७१२, पणजी +९१ ८३२. ब्रिटनमधला मोबाइल नंबर ०७ ने सुरू होतो, तो इथून +४४ ७ असा लावायचा. दुबईचा ०५ वाला मोबाइल +९७१ ५ होतो. काही व्हिजिटिंग कार्डांवर +४४ (०)२० असं छापलेलं असतं. कंसातला तो शून्य आपल्यासाठी नाही, सरळ सोडून द्या. आपला हात शून्याकडे जातो याचंही नवल नाही, कारण २०२१ पासून लँडलाइनवरून देशातल्या मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावाच लागतो.

इटलीचं मात्र उलटं. तिथल्या लँडलाइनचा शून्य देशाच्या कोडनंतरही ठेवायचा, म्हणजे रोम +३९ ०६.

दोन शून्यांची गोष्ट वेगळी. तो देशाबाहेर पडण्याचा कोड, आणि तो सगळीकडे सारखा नसतो. भारतातून ००, अमेरिकेतून ०११, ऑस्ट्रेलियातून ००११. अमेरिकेतल्या भावाने त्याच्या सवयीने ०११ ४४ असा लंडनचा नंबर पाठवला आणि तुम्ही तो इथून जसाच्या तसा लावलात, तर फोन दिल्लीकडे वळेल, कारण ०११ हा दिल्लीचा कोड. ००४४ मधला एक शून्य राहिला तर ०४४, म्हणजे थेट चेन्नई! मोबाइलवर या भानगडीत पडूच नका. ० चं बटण दाबून धरलं की + उमटतो, आणि ज्या देशात असाल तिथला बाहेरचा कोड नेटवर्क आपला आपण लावून घेतं. लँडलाइनवर + नसतो, तिथे ०० फिरवा. तरीही लागत नसेल तर आयएसडी सुविधा चालू आहे का, ते कंपनीला विचारा.

व्हॉट्सअ‍ॅपवर माणूस दिसत नसेल तरी बहुतेक वेळा कारण हेच असतं. देशाच्या कोडशिवाय सेव्ह केलेला नंबर ते स्थानिकच समजतं. परदेशी निघण्याआधी घरच्यांचे नंबर +९१ लावून पुन्हा सेव्ह करा. बँकेचा १८०० वाला टोल-फ्री नंबर बाहेरून सहसा लागत नाही, तेव्हा परदेशातून लावायचा त्यांचा साधा नंबरही जवळ ठेवा.

आणि +१ दिसला म्हणजे अमेरिकाच असं नाही. कॅनडा आणि बरीच कॅरिबियन बेटंही तोच कोड वापरतात. +१ ८७६ म्हणजे जमैका. एक रिंग देऊन फोन कापायचा आणि उलट फोन करणाऱ्याच्या माथी महागडा दर मारायचा, या फसवणुकीला जपानी भाषेतलं 'वांगिरी' हे नाव आहे. तिथे ओळखीचं कुणी नसेल तर अशा मिस्ड कॉलला उलट फोन लावू नका.