आधी गुणाकार, मग टीव्ही: कॉलेज फुटबॉल कॉन्फरन्सचं वेळापत्रक

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल कॉन्फरन्सचं, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठ-संघांच्या गटाचं, वेळापत्रक लावायला बसलात की पहिला हिशेब हा: संघांची संख्या गुणिले प्रत्येकाचे कॉन्फरन्स सामने, भागिले दोन. एसईसी या कॉन्फरन्सचे 16 संघ, 2026 पासून प्रत्येकी 9 सामने, म्हणजे 72 लढती. बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्येही प्रत्येकी 9, 18 संघांच्या 81. एसीसी या तिसऱ्या कॉन्फरन्समध्ये संघ 17. तिथे 9 धरले तर उत्तर येतं साडेशहात्तर, आणि अर्धी मॅच कुणी खेळत नाही. संघ विषम असतील तर सामने सम ठेवा, नाहीतर दरवर्षी एका संघाला 8 वर थांबवा.

मग कायमचे प्रतिस्पर्धी, म्हणजे ज्यांच्याशी दरवर्षी खेळायचंच. एसईसीच्या मांडणीत प्रत्येकाला तीन. उरले 12, त्यातले दरवर्षी सहा. दोन वर्षांत सगळ्यांशी गाठ, चार वर्षांत दोघांच्याही मैदानावर. माजी विद्यार्थ्यांच्या दबावाखाली तीनाचे चार केलेत की उरतात 11 संघ आणि जागा 5. फेरा तिथेच फिसकटतो. सगळ्यांना सारखेच कायम प्रतिस्पर्धी द्यावेत असंही नाही: बिग टेनने आयोवाला तीन दिले, पेन स्टेटला एकही नाही.

9 सामन्यांत निम्म्या संघांना घरचे पाच, निम्म्यांना चार. चारच्या वर्षी कॉन्फरन्सबाहेरची मोठी लढत घरी येईल असं बघा. त्यासाठी आयोवा कुठल्या वर्षी आयोवा स्टेटच्या मैदानावर जातो हे आधीच विचारून ठेवावं लागतं. टेक्सास-ओक्लाहोमा सामना डॅलसला, तिसऱ्याच मैदानावर होतो. कागदावर तो एकाचा 'घरचा', पण त्याचं स्वतःचं स्टेडियम त्या शनिवारी रिकामंच.

टीव्ही यानंतर. बिग टेनच्या 2023 पासूनच्या करारात फॉक्सकडे प्रामुख्याने दुपारी 12, सीबीएसकडे 3:30, एनबीसीकडे रात्र, सगळं पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने. तिथले बारा म्हणजे लॉस एंजेलिसला सकाळचे नऊ. त्या शहरातल्या यूएससी किंवा यूसीएलएच्या घरच्या सामन्याला ही वेळ लावू नका. तीन बड्या लढती एकाच शनिवारीही नकोत; पुढच्या आठवड्यात वाहिन्यांना निवडायला काही उरत नाही.

नवा संघ घेताना त्याचा वाटा आधी लिहून घ्या. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाचा संघ नऊ वर्षं एसीसीच्या टीव्हीच्या पैशावर पाणी सोडून आत आला.

राहिला टायब्रेकर, म्हणजे बरोबरी झाली तर अंतिम सामन्यात कोण हे ठरवणारा नियम. कॉन्फरन्सच्या आतले विभाग काढल्यावर तो लांबलचकच लिहावा लागतो. 2024 मध्ये बिग टेनमध्ये पेन स्टेट आणि इंडियाना दोघेही 8-1 (आठ विजय, एक पराभव), एकमेकांशी खेळलेच नव्हते. अंतिम सामन्यात ओरेगनसमोर पेन स्टेट उतरला. 'आपसातला निकाल' एवढंच लिहून ठेवलं असतं तर तिथे नियमच संपला असता. त्याखाली समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी आणि त्याखाली प्रतिस्पर्ध्यांची विजयाची टक्केवारी लिहा, आणि पहिला सामना व्हायच्या आत जाहीर करा.