घरच्या घरी कुरकुरीत लोडेड फ्राइज, कोल्हापुरी पद्धतीने

घरी केलेले लोडेड फ्राइज (म्हणजे वर सॉस, मटकी असा थर घातलेले बटाट्याचे तळलेले लांब तुकडे) ताटात येईपर्यंत मऊ पडतात, याचे कारण बहुतेक वेळा बटाट्यातील पाणी आणि वर ओतलेला पातळ रस हेच असते. त्यामुळे या पदार्थातील निम्मे काम बटाटा कोरडा करण्याचे आहे.

तीन-चार जणांसाठी १ किलो मोठे, लांबट आणि जुने बटाटे घ्यावेत. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत भाजीवाल्याकडे वेफर्सचा बटाटा मागितला तर तो नेमका कोणता हवा हे ओळखतो. नव्या बटाट्यात पाणी अधिक असल्याने तो या कामी येत नाही. बटाटे फ्रिजमध्येही ठेवू नयेत, कारण थंडीत त्यांतील स्टार्चची साखर होते आणि तळताना ते आतून शिजण्याआधीच काळपट होतात.

साले काढून साधारण १ सेंटिमीटर जाडीचे लांब तुकडे करावेत आणि पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तीन-चार वेळा धुवावेत. नंतर २ लिटर पाण्यात २ मोठे चमचे व्हिनेगर आणि थोडे मीठ घालून, पाण्याला उकळी आली की तुकडे ६ ते ८ मिनिटे शिजवावेत. व्हिनेगरच्या आम्लामुळे बटाट्यातील पेक्टिन (पेशींना धरून ठेवणारा घटक) लवकर विरघळत नाही, म्हणून तुकडे शिजूनही मोडत नाहीत. ते निथळून सुती पंचावर एकेक वेगळे पसरावेत आणि पंख्याखाली पूर्ण सुकू द्यावेत. ही पायरी घाईत उरकली तर पुढचे सारे कष्ट वाया जातात.

तळणी दोनदा करावी. शेंगतेल मध्यम तापवून (सुमारे १५० अंश सेल्सिअस) तुकडे थोडे थोडे सोडावेत आणि रंग न येऊ देता ४-५ मिनिटांनी काढून किमान अर्धा तास गार करावेत. वाढायच्या वेळी तेल १८० ते १९० अंशांपर्यंत तापवून २-३ मिनिटांत सोनेरी रंगावर तळावेत. कढई गच्च भरली की तेल थंड पडते आणि फ्राइज तेलकट होतात, म्हणून प्रत्येक घाणा लहान ठेवावा. तळलेले फ्राइज कागदावर न ठेवता जाळीवर ठेवावेत, म्हणजे खाली वाफ कोंडत नाही.

चीज सॉससाठी १ चमचा लोण्यावर १ चमचा मैदा परतून, त्यात १ कप दूध हळूहळू घालत गुठळ्या मोडाव्यात आणि दाटसर झाल्यावर आच बंद करून २ चीज क्यूब किसून मिसळावेत. चीज आणि कांदा-लसूण चटणी दोन्ही खारट असल्याने सॉसमध्ये वेगळे मीठ घालू नये.

वरच्या थरासाठी मोड आलेली मटकी वाफवून, थोड्या तेलात १ चमचा कांदा-लसूण चटणीवर पाणी आटेपर्यंत परतावी. घरी सुके मटण उरलेले असेल तर हाडे काढून, बारीक करून तेच वापरावे. माझ्या मते ते मटकीपेक्षा सरस लागते. मिसळीचा कट (तिखट, पातळ रस्सा) मात्र वर ओतण्याचा मोह टाळावा आणि हवाच असेल तर वाटीत वेगळा द्यावा, त्यात बुडवून खाता येते.

पसरट ताटात फ्राइजचा एकच थर लावून त्यावर मटकी, मग सॉसची बारीक धार आणि शेवटी बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर व शेव घालावी. टोमॅटो घालायचा असल्यास बिया काढून घालावा. सर्वजण जेवायला बसल्यावरच हा थर रचावा, कारण एकदा सॉस पडलेले फ्राइज पुन्हा कुरकुरीत होत नाहीत. पहिली तळणी झालेले जादा तुकडे मात्र पूर्ण गार करून, डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवता येतात. पुढच्या वेळी ते बाहेर काढून न ठेवता, थोडे थोडे करून थेट तापल्या तेलात सोडावेत.