जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचा खडखडाट: शॉकअप विकत घेण्याआधी

पंधरा-वीस वर्षं पुण्याच्या रस्त्यांवर चाललेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसच्या पुढून आवाज यायला लागला, की गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं: 'शॉकअप गेले.' मग शॉकअप येतात, माउंट येतात, अलाइनमेंट होते आणि आवाज जिथल्या तिथे राहतो. दोषी बहुतेक वेळा लिंक रॉड (वळणावर गाडी कलंडू न देणाऱ्या अँटी-रोल बारला आर्मशी जोडणारा दांडा) नाहीतर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, रबरी बुश असतो. बुश बदलला, तरी तो ज्या पद्धतीने आवळला जातो त्यामुळे काही महिन्यांत पुन्हा फाटतो. खालची माहिती १.८ टर्बो, १५० बीएचपीच्या पहिल्या पिढीच्या आरएसची आहे: पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई). नंतरच्या लॉरा आरएसला मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक आर्म) आहे, म्हणजे तिथे बुश जास्त. बुशचे बोल्ट आवळण्याचा पुढे दिलेला नियम मात्र तोच.

आधी डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, टॉमी, पार्सल ट्रे, सगळं बाहेर. मागचे कितीतरी आवाज इथेच संपतात. गाडी थंड असताना सायलेन्सरचे रबर आणि हीट शील्ड हाताने हलवून बघा. टायरमधली हवा पेट्रोलच्या झाकणाआडच्या स्टिकरप्रमाणे भरा.

आता काचा खाली करून, सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवरून १५-२० च्या वेगाने, कंपाउंडच्या भिंतीला धरून गाडी चालवा. भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे कुठलं चाक वाजतंय ते आत बसून कळतं. सिंहगड रस्त्यावर किंवा कात्रज-कोंढवा रस्त्यावर असली तपासणी करू नका. तिथे सगळंच वाजतं.

आवाज येत असताना ब्रेकवर पाय नुसता टेकवा. बंद झाला तर तो पॅड किंवा कॅलिपरचा आहे, सस्पेन्शनला हात लावायची गरज नाही.

बारीक, भराभर येणारी टकटक असेल तर लिंक रॉड बघा. या गाडीत तो आखूड असतो आणि लोअर आर्मलाच बसतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे काढायला वेळ लागत नाही. काढून टाका, बारची टोकं तारेने बांधा म्हणजे ड्राइव्हशाफ्टला लागणार नाहीत, आणि आवारातच एक हळू फेरी मारा. आवाज गेला तर लिंक किंवा बारचे बुश, विषय संपला. वळणावर गाडी जास्त कलंडते, म्हणून तशीच घेऊन रस्त्यावर जाऊ नका. लिंक हाताने हलवून तपासायचा असेल तर पुढची दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत. एकच चाक उचललं की बार पिळला जातो, लिंकवर ताण येतो आणि ढिला लिंकही घट्ट वाटतो.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'कर्र' होऊन स्प्रिंग मधेच उडी मारल्यासारखी सुटते? ते स्ट्रटच्या वरच्या टोकाला असलेल्या माउंटचं बेअरिंग. दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला लावा आणि स्प्रिंगवर तळवा ठेवा. झटका हाताला कळतो. बोटं कड्यांच्या मधे घालू नका.

चाक उचलून वर-खाली धरून हलवलं आणि खेळ (ढिलेपणा) आला, तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा: खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून खेळ आला तर स्टिअरिंगचा टाय रॉड एंड किंवा रॅक. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तर). ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर खर्च टायरचा आहे.

बॉनेटवर बसून गाडी दाबून बघण्याच्या परीक्षेवर माझा काडीचा विश्वास नाही. गॅसचा अर्धमेला शॉकअपही त्यात सहज पास होतो. त्यापेक्षा शॉकअपचं अंग बघा. वरच्या भागात धूळ चिकटलेला पुसट ओशटपणा चालतो. तेल खाली ओघळून चिखल झाला असेल तर तो संपला. टायरवरून तळवा फिरवा. ठरावीक अंतराने उंच-सखल लागलं तर शॉकअप चाकाला जमिनीवर धरत नाहीये. खंबाटकीच्या वळणात खड्डा लागल्यावर मागचं चाक बाजूला उडी घेत असेल, तरी तेच.

आणि ब्रेक मारताना किंवा रिव्हर्सवरून पहिल्यात टाकून निघताना एकच जाड 'धप' येत असेल, तर लोअर आर्मचा मागचा मोठा बुश.

खरी मेख या बुशात आहे.

मोठ्या बुशच्या रबरात मुळातच पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या बघून 'फाटलाय' म्हणणारे पुष्कळ भेटतील. खरी फाट वाकडीतिकडी असते, रबर आतल्या नळीपासून सुटलेलं दिसतं आणि पहारीने हलकं रेटलं की तोंड उघडतं.

गाडी उचलण्याआधी एक काम करायचंच आहे. सपाट जमिनीवर, आत कुणी नसताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि मास्किंग टेपवर लिहून तिथेच चिकटवा. दोन्ही बाजूंचं. हे माप नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

मग चाक काढा, लिंक सोडा, बॉल जॉइंटचे तीन बोल्ट सोडा, आर्मचे दोन बोल्ट काढा, आर्म हातात येतो. बॉल जॉइंटची भोकं लांबट असतात, म्हणून सोडण्याआधी त्याची जागा रंगाने आखून ठेवा, नाहीतर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो. नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) मोकळी झाल्यावर बाहेर ओढू नका. ड्राइव्हशाफ्टचा जॉइंट आतून निसटतो.

बुश हायड्रॉलिक प्रेसवरच काढा आणि प्रेसवरच बसवा. आर्म पत्र्याचा आहे, घणाने ठोकला की त्यातलं बुशचं भोक अंडाकृती होतं आणि नवा बुश त्यात फिरतो. मोठा बुश कोणत्या दिशेने बसला आहे त्याचा जुना काढण्याआधी फोटो घ्या, नव्यावरची खूण आर्मवरच्या खुणेशी जुळवा. पोकळ्या भलत्याच दिशेला गेल्या तर ब्रेक मारताना गाडी भरकटते. ऑडी टीटीचा भरीव रबराचा बुशही या आर्ममध्ये बसतो. ब्रेकखाली स्टिअरिंग जास्त नेमकं वाटतं, बदल्यात खड्ड्याचा हादरा जरा जास्त पोचतो. या गाडीला तो मी डोळे झाकून सुचवेन. पॉलियुरेथेन मात्र नको. पावसाळ्याच्या चिखलात ते कुरकुरायला लागतं आणि मग तो आवाज शोधत बसा.

आता आवळणं. बुशमध्ये आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं, आणि मधे दोघांनाही चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी सबफ्रेमला (आर्म ज्या चौकटीला बसतो तिला) जखडली जाते. त्यानंतर आर्म वर-खाली होताना तिथे काहीच फिरत नाही, फक्त रबर पीळ खातं. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर रबराची मोकळी स्थिती तीच ठरते. गाडी खाली उतरली की ते ओल्या फडक्यासारखं पिळलेलं राहतं, पार्किंगमध्ये उभ्या गाडीतसुद्धा. त्यावर रोजचे गतिरोधक. पुढून गाडी किंचित उंच बसते, चाल कडक वाटते आणि मग रबर फाटतं. दोष दुकानदाराच्या 'डुप्लिकेट मालाला' मिळतो. पुढच्या छोट्या बुशला हा पीळ सर्वात जास्त बसतो, कारण आर्म त्याच्याच आसाभोवती हलतो.

दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी चढवून इम्पॅक्ट गनने सगळं एका दमात आवळणाऱ्या माणसाला तिथेच थांबवा. त्या लिफ्टवर चाकं लोंबकळतात. हे काम चाकांवर उभ्या गाडीचं आहे: अलाइनमेंटवाल्याकडची गाडी चढवायची लिफ्ट, खड्डा, नाहीतर घरी रॅम्प.

घरी असाल तर मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. आर्मचे बोल्ट हाताने टेकतील इतपतच लावा, चाकं चढवा आणि गाडी रॅम्पवर किंवा जाड, रुंद फळ्यांवर उतरवा. प्रत्येक टायरखाली मधे ग्रीस लावलेले दोन पत्रे ठेवा. जॅकवरून उतरताना चाकं आत ओढलेली असतात, पत्र्यांवर ती बाहेर सरकून मूळ जागी बसतात. पुढून गाडी चार-पाच वेळा दाबून सोडा. टेपवरचं माप जुळतंय का बघा. जुळलं की मगच बोल्ट टॉर्क पान्याने ७० न्यूटन-मीटर, आणि वर आणखी ९० अंश फिरवा. ९० अंशांसाठी बोल्टच्या डोक्यावर आणि सबफ्रेमवर रंगाची रेघ मारा. हे बोल्ट ताणले जाणारे आहेत, नवेच घ्या. जुने परत लावून वाचवलेले पैसे कामाचे नाहीत.

एकट्या आर्मखाली जॅक लावून ते माप आणायचा प्रयत्न करू नका. स्प्रिंग दबण्याआधी गाडीच स्टँडवरून उचलली जाते, आणि तेव्हा तुम्ही तिच्याखाली असता.

शॉकअप खरंच गेले असतील तर जोडीने बदला, माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळरबर त्याच वेळी. मूळ स्प्रिंगवर बिल्स्टीनचे बी४ किंवा बी६ लावा. बी८ खाली बसवलेल्या गाडीसाठी आहेत आणि पुण्यात खाली बसवलेली गाडी म्हणजे गतिरोधकावर घासणारं चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी). स्प्रिंग दाबायचं काम हुकांच्या स्वस्त कॉम्प्रेसरने घरी करू नका. ती सुटली तर माणूस जायबंदी होतो. शॉकअपचा चकचकीत दांडा पक्कडीने धरू देऊ नका. एक ओरखडा सील कापायला पुरतो. स्ट्रट काढण्यासाठी नकलची फट छिन्नीने फाकवणाऱ्याला नको म्हणा, त्यासाठी स्प्रेडर मिळतो.

सुटे भाग घ्यायला नाना पेठेत जाताना चासी नंबर आणि जुना भाग दोन्ही न्या. लेमफोर्डर किंवा सॅक्सचा डबा असला तरी आतल्या भागावरचा छाप बघा. नव्या बुशच्या रबरावर बारीक तडे असतील तर तो वर्षानुवर्षं फळीवर पडलेला आहे, परत द्या.

चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर, हातानेच.

अलाइनमेंट लगेच करा. आर्म काढल्यावर टो (वरून पाहता चाकांची दिशा) हललेला असतो आणि टायर झिजायला फार वेळ लागत नाही. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंटआउट मागा. पाचेकशे किलोमीटरनंतर खाली वाकून रंगाच्या रेघा बघा. जुळत असतील तर बोल्टना पाना लावू नका. सरकल्या असतील तर ते बोल्ट काढून टाका आणि नवे घालून, चाकांवर उभ्या गाडीत, पुन्हा आवळा.