तार, वायर की केबल? शब्द वापरताना या चुका टाळा

भाषांतराचे मजकूर तपासताना 'तार' या शब्दापाशी माझा हात हमखास थांबतो. मध्यंतरी एका माहितीपत्रकात वाक्य आलं होतं: "तार हस्तांतरणाने पैसे पाठवा." मूळ शब्द वायर ट्रान्सफर. वेस्टर्न युनियनने १८७१ मध्ये अमेरिकेत तारायंत्रावरून पैसे पाठवायची सोय केली, तेव्हापासूनचं ते नाव. आपल्याकडेही तारेची मनीऑर्डर होती. पण १४ जुलै २०१३ च्या रात्री भारतातली तारसेवाच बंद झाली. आज तिथे 'बँकेमार्फत पैसे पाठवा' किंवा सरळ 'वायर ट्रान्सफर' लिहावं.

त्याहून महत्त्वाची चूक म्हणजे तार आणि वायर एकच समजणं. बोलण्यात आपण फरक बरोबर करतो. उघडा धातू ती तार, वर आवरण चढलं की वायर, आणि अशा दोन-चार वायरी एका जाड आवरणात गेल्या की केबल. म्हणून कुंपणाची तार, इस्त्रीची वायर, जमिनीखालची केबल. लिहिताना मात्र गल्लत होते. खांबावरच्या विजेच्या तारा बहुधा उघड्याच असतात. "खांबावरची वायर तुटली आहे" असं वाचणाऱ्याला वाटेल, वर आवरण आहे, बाजूला सारता येईल. अशा सूचनेत 'तार'च लिहा, आणि हात लावू नका हेही लिहा. इथे चुकीचा शब्द जिवावर बेतू शकतो.

फ्यूजचंही तेच. "फ्यूज गेला तर तार बसवा" एवढंच लिहिलं, तर कोणीतरी जुन्या वायरीतले तांब्याचे धागे पिळून घालतो. फ्यूजची तार ठरावीक अँपिअरला वितळण्यासाठीच असते. जाड तांबं वितळत नाही, मग भिंतीतली वायर तापते. 'फ्यूजची तार' असं पूर्ण लिहा, सोबत अँपिअरही द्या.

दुकानातले आकडेही नीट लिहायला हवेत. 'अडीचची वायर' म्हणजे २.५ मिमी जाडीची नव्हे; २.५ हे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. एकसंध तांबं असेल तर जाडी जेमतेम १.८ मिमी भरते. कुंपणाच्या तारेचा हिशेब उलटा. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते: ८ गेजची सुमारे ४ मिमी, १६ गेजची १.६ मिमी.

आता व्याकरण. तार स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन तारा. आकाशातला तारा पुल्लिंगी, त्याचं अनेकवचन तारे. गोंधळ विभक्तीत होतो. तारेचे, तारांचे हे धातूच्या तारेचं. ताऱ्याचे, ताऱ्यांचे हे आकाशातल्याचं. 'ताऱ्यांचे कुंपण' छापून आलेलं मी पाहिलं आहे. कुंपण तारांचं, कसरत तारेवरची.

दिसायला सारख्या शब्दांपासून सावध राहा. तारसप्तकातला 'तार' म्हणजे उंच स्वर: मंद्र, मध्य, तार. तंबोऱ्याच्या तारेशी त्याचा संबंध नाही. तारतम्य आलं 'तर' आणि 'तम' या प्रत्ययांवरून (लघुतर, लघुतम). तारांबळीचं मूळ तर मंगलाष्टकातल्या 'ताराबलं चंद्रबलं'मध्ये सांगतात. लग्नघरातली ऐन मुहूर्ताची धावपळ आठवली की ते पटतं. सतार मात्र खरीच तारेची: फारसीत सेहतार, म्हणजे तीन तारांची.

वाद्यांविषयी लिहिताना 'तारवाद्य' नको, तंतुवाद्य रुळलेलं आहे. तंबोऱ्याला तारा चार, पण जवारीसाठी, म्हणजे तारेच्या गुंजणाऱ्या नादासाठी, घोडीवर तारेखाली सरकवतात तो सुती दोरा. त्याला तार म्हटलं तर शिकणाऱ्याला काहीच कळणार नाही.

स्वयंपाकघरात तार धातूची नसतेच. भेंडीला सुटते ती तार, आणि पाकाचीही तार. पाककृतीत नुसतं 'पाक करा' लिहू नका. रव्याच्या लाडवाला एकतारी पाक लागतो: थेंब बोटांत धरून बोटं हलकेच दूर केली की एक तार निघते. पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी होते तो गोळीबंद. पाक पुढे गेलाच, तर थोडं पाणी घालून पुन्हा उकळा आणि तार परत पाहा.