मातीचे कुत्रे, नागपूरचा उन्हाळा आणि दहा सेकंदांचा फुटबॉल सामना

मातीच्या कुत्र्यांचा फुटबॉल सामना स्टॉप-मोशनने, म्हणजे आकृत्या थोड्या थोड्या सरकवत एकेक फोटो काढून, करायचा असेल तर खेळाडू दोनच घ्या: एक स्ट्रायकर, एक गोलकीपर. अकराविरुद्ध अकरा कुत्रे उतरवले तर एकेका फोटोसाठी 88 पाय सरकवावे लागतील. सेकंदाला 12 फोटो धरले, तर दहा सेकंदांच्या स्टॉप-मोशनला 120 फोटो लागतात. दोन रात्रींचं काम आहे.

रात्रींचं म्हणायचं कारण मे महिना. पारा 45 च्या आसपास गेला की तेलकट क्ले लोण्यासारखी होते, पाय वाकतात आणि कुत्रा पोटावर बसतो. म्हणून आत सांगाडा हवाच. दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार दुहेरी पिळून पाय, पाठ आणि शेपटी करा. लोखंडी तार वाकवल्यावर मागे उसळते, म्हणून ती नको. छाती-पोटाला चुरगाळलेली फॉइल भरा, वजन हलकं राहतं. सांधे सोडून मधली हाडं एम-सीलने घट्ट करा. त्यावर क्लेचा थर पातळच द्या. हवेत सुकणारी माती घेऊ नका, दुसऱ्याच वळणाला तडकते. मैदान थर्माकोलच्या जाड शीटचं करा, म्हणजे खालून टाचणी टोचून पंजे रोवता येतात.

बॉलसाठी खरं संत्रं वापरायचा मोह होईल, पण ते कुत्र्यापुढे भोपळ्याएवढं दिसतं. फॉइलच्या गोळीवर नारिंगी क्ले चढवा.

कूलर बंद ठेवा. हे जिवावर येतं, पण त्याच्या झोतात बारीक कागदी झेंडासुद्धा दर फोटोत हलतो. खिडकी झाकून दोन एलईडी बल्ब लावा. मोबाइलचा फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर चित्र लुकलुकतं. वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवला की दिव्याचे पट्टे येत नाहीत. अंगात पांढरा शर्ट नको. त्याचा उजेड सेटवर पडतो.

आता किक. हशा इथेच पिकतो, म्हणून घाई नको. आधी तीन-चार फोटो पाय मागे, मान खाली, शेपटी ताठ. मग दोन फोटो काहीच हलवू नका. पाय बॉलला लागतो तो फक्त एक फोटो, त्यात बॉल चपटा करा. पुढच्या फोटोत तो एकदम लांब न्या. वर चढताना अंतर कमी कमी होत जाईल, शिखरावर बॉल जवळजवळ थांबेल, उतरताना अंतर वाढेल. सारखं अंतर ठेवलं तर बॉल दोरीवरून ओढल्यासारखा जातो. हवेतला बॉल मागून ताठ तारेवर धरा. शूटिंगआधी रिकाम्या सेटचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे तार नंतर त्यावरून पुसता येते.

हँडबॉलचा नियम मात्र आधीच ठरवा. पुढचे पंजे हात की पाय? पंचाचा हा गोंधळ हाच एक चांगला विनोद आहे.

प्रेक्षक म्हणून नागपूरच्या झिरो माइल स्मारकातले चार घोड्यांचे पुतळे पुठ्ठ्यातून कापा. दगडी स्तंभाशेजारी ते तसेही स्तब्धच असतात, एकही फोटो वाया जात नाही. गोल झाल्यावर शेवटच्या सहा फोटोंत फक्त एका घोड्याची मान वळवा.